डिस्नेंची परसातली मालगाडी

पुसेगावात रेल्वे नाही. इथल्या पोरांना आगगाडी बघायची तर हिंगोलीचे स्टेशन गाठावे लागते. पूर्वी तिथे पूर्णा-अकोला मार्गावरची मीटरगेज गाडी यायची, आता ब्रॉडगेजची येते. पण गाडी गावात येत नाही म्हणून पोरांचे काही अडत नाही. रिकाम्या काडेपेट्या दोऱ्यात ओवल्या की मालगाडी तयार. पुढची काडेपेटी इंजिन, शेवटची गार्डचा डबा. दहा-बारा वर्षांचे झाल्यावर बहुतेकांच्या हातून ही गाडी सुटते. ज्यांच्या हातून सुटत नाही त्यांना घरचे हसतात. पन्नाशीचा बाप्या मालगाडीच्या बोटभर वाघिणीला रंग देत बसला, की त्याला काही उद्योग नाही असेच ठरते. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी अशाच वेडातून छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले. १९९८ मध्ये ते सुरू झाले.

या वेडाचा जगातला सर्वांत प्रसिद्ध धनी म्हणजे वॉल्ट डिस्ने. मिकी माऊसचे जनक, चित्रपट-निर्माते, डिस्नेलँडचे मालक म्हणून त्यांच्यावर ढीगभर पुस्तके आहेत. पण त्यांचे आयुष्य केसपेपर वाचावा तसे वाचले, तर बरोबर मध्यावर एक रेल्वे येते. ती एका नर्सच्या सल्ल्यामुळे आली.

डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, शिकागोचा. ते चार वर्षांचे असताना कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सेलिन या लहानशा गावी शेती करायला गेले. शिकागोहून कॅन्सस सिटीकडे जाणारा सांता फे कंपनीचा रेल्वेमार्ग या गावातून जात असे. त्यांचे एक नातेवाईक, माइक मार्टिन, त्याच मार्गावर इंजिन ड्रायव्हर होते. मार्टिनकाका मुक्कामाला आले की पोरांना खाऊ मिळे आणि रेल्वेच्या गोष्टीही. रुळाला कान लावून दूरची गाडी ऐकायचा खेळ वॉल्ट तिथेच शिकले.

शेती टिकली नाही. कुटुंब कॅन्सस सिटीला गेले आणि वडिलांनी वर्तमानपत्रे वाटण्याचा धंदा घेतला. नऊ-दहा वर्षांच्या वॉल्टने पहाटे साडेतीनला उठून, गुडघाभर बर्फातून, घरोघर अंक टाकायचे. हे सहा वर्षे चालले. एखाद्या घरी अंक टाकायचा राहून गेला आहे, अशी स्वप्ने पडून ते मोठेपणीही दचकून जागे होत. लहान वयातल्या अपुऱ्या झोपेचा आणि धाकाचा हिशेब शरीर किती वर्षे जपून ठेवते, याचे हे उदाहरण.

पंधराव्या वर्षी, १९१७ च्या उन्हाळ्यात, त्यांनी रेल्वेच्या डब्यांतून वर्तमानपत्रे, फळे, गोळ्या आणि सोड्याच्या बाटल्या विकल्या. आपल्याकडे गाडीत चहा-वडेवाले फिरतात तसेच ते काम. धंद्यात खोट बसली. फायदा एवढाच झाला, की इंजिनवाल्यांना तंबाखू किंवा सिगार देऊन इंजिनात उभे राहायला मिळाले.

पुढच्याच वर्षी ते वय वाढवून सांगून रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका दलात दाखल झाले. शिकागोत प्रशिक्षण चालू असताना त्यांना १९१८ चा तो कुप्रसिद्ध इन्फ्लुएंझा झाला. याच साथीत एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. तरण्याताठ्यांना जास्त मारणारा हा फ्लू होता. वॉल्ट घरी आईच्या शुश्रूषेने वाचले, त्यांची तुकडी मात्र पुढे निघून गेली. ते फ्रान्सला पोचले तेव्हा युद्ध संपले होते. तिथे वर्षभर त्यांनी रुग्णवाहिका आणि ट्रक चालवले, आणि तिथेच सिगारेट ओढायला लागले. फ्लूने त्यांना सोडले. सिगारेटने पुढची सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षे सोडले नाही.

हॉलिवूडमधली सुरुवात, हातातून गेलेले पहिले कार्टून पात्र, १९२८ चा मिकी माऊस, हे सारे सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढचे कमी ठाऊक आहे. १९३१ मध्ये, मिकी जगभर गाजत असताना, त्याचे जनक पार कोलमडले. झोप येईना, काम सुचेना, साधे फोनवर बोलताना रडू कोसळे. आजच्या भाषेत याला नैराश्य म्हणावे की कामाच्या अतिताणाने आलेला थकवा, हे इतक्या वर्षांनी लेबल लावून काही साधणार नाही. डॉक्टरांनी सुटी घ्यायला लावली. पती-पत्नी वॉशिंग्टन, क्युबा करत पनामा कालव्यातून बोटीने परतले. आल्यावर डिस्नेंनी व्यायाम मनावर घेतला आणि मग घोड्यावरून खेळायचा पोलो.

पोलोने मन ताजे झाले, पण मान गेली. एका सामन्यात ते पडले आणि मानेच्या मणक्यांना इजा झाली. चरित्रकार सांगतात, की त्यावर मान स्थिर ठेवण्याऐवजी मणके हाताने बसवून देणाऱ्याकडे उपचार झाले. आपल्याकडेही मान किंवा पाठ धरली की माणूस आधी चोळणाऱ्याकडे जातो आणि मग दवाखान्यात येतो. पडून मानेला मार लागला असेल तर मान कुणालाही वळवू देऊ नये, एक्स-रे आधी काढावा, हा साधा नियम आहे. डिस्नेंच्या मानेत पुढे संधिवात घर करून बसला. ते दुखणे मरेपर्यंत राहिले.

दुसरा घाव याहून खोल होता. 'स्नो व्हाइट'च्या यशातून वॉल्ट आणि थोरले भाऊ रॉय यांनी आईवडिलांना लॉस एंजेलिसमध्ये घर घेऊन दिले. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीत बिघाड होता. स्टुडिओची माणसे येऊन दुरुस्तीही करून गेली होती. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्या भट्टीतून साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडने आई फ्लोरा गुदमरून गेल्या, वडील थोडक्यात वाचले. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर ऑक्सिजनवाचून तडफडते. थंडीत खोली बंद करून शेगडी पेटती ठेवणाऱ्यांचा जीव याच वायूने जातो. डिस्ने आईच्या मृत्यूविषयी पुढे जवळपास कधीच बोलले नाहीत.

मग १९४१ चा स्टुडिओतला संप, युद्ध, युरोपची बंद झालेली बाजारपेठ, बँकेचे कर्ज. चाळिशी ओलांडलेले डिस्ने चिडचिडे झाले, स्टुडिओत माणसे त्यांना टाळू लागली. संध्याकाळी काम संपले की ते स्टुडिओच्या नर्स हेझल जॉर्ज यांच्या खोलीत जात. मानेला शेक आणि ताण घेता घेता हातात मद्याचा पेला असे, आणि दिवसभराचे जे कुणाला सांगता येत नसे ते तिथे बाहेर पडे.

१९४७ च्या डिसेंबरात त्यांनी विजेवर चालणारा खेळण्यातला रेल्वेसंच विकत घेतला आणि ऑफिसशेजारच्या खोलीत मांडला. ही लहानपणची हौस आता पुरी केली, असे बहिणीला पत्राने कळवले. हेझलने हे बरोबर हेरले. या माणसाला नुसती विश्रांती सांगून उपयोग नाही, कारण रिकामे बसले की डोके आणखीच फिरते. १९४८ च्या उन्हाळ्यात शिकागोला रेल्वेचा मोठा मेळा भरला होता, तिथे जा असे तिने सुचवले. डिस्ने गेले. सोबत त्यांचेच एक चित्रकार वॉर्ड किंबॉल होते. किंबॉल यांनी तर घरामागे खरे, पूर्ण आकाराचे जुने इंजिन आणून रूळ टाकले होते! मेळ्यात जुनी वाफेची इंजिने होती आणि ती चालवायलाही मिळाली. परतल्यावर डिस्नेंना काय करायचे ते ठरले होते.

कॅरोलवुड ड्राइव्ह या रस्त्यावर त्यांनी नवे घर बांधायला घेतले आणि जागा निवडतानाच परसात रेल्वे बसते का हे पाहिले. रुळांची रुंदी सव्वासात इंच, गाडी खऱ्याच्या एक-अष्टमांश आकाराची, म्हणजे वाघिणीवर माणूस पाय पसरून बसू शकेल एवढी. रुळांची लांबी २,६१५ फूट, जवळपास अर्धा मैल. त्यात ४६ फुटांचा लाकडी पूल. पत्नी लिलियन यांना बागेतल्या फुलांच्या वाफ्यांमधून गाडी नको होती, म्हणून वाफ्यांखालून ९० फुटांचा बोगदा काढला. तोही सरळ नाही. आत शिरल्यावर पलीकडचा उजेड दिसू नये म्हणून मुद्दाम वळणावळणाचा. सरळ केला तर पैसे वाचतील असे मुकादमाने सांगून पाहिले, पण ऐकले गेले नाही. रेल्वेला बागेतून जायची परवानगी देणारा करारनामाही वकिली भाषेत तयार झाला आणि त्यावर पत्नीची व दोन्ही मुलींची सही घेतली गेली. इंजिनाला नाव दिले 'लिली बेल', पत्नीच्या नावावरून. करार आणि नामकरण या क्रमात नवऱ्याची हुशारी आहे.

पण या प्रकरणाचे मर्म रुळांत नाही, ते डब्यांत आहे. इंजिनाची मुख्य जबाबदारी स्टुडिओच्या यंत्रशाळेचे प्रमुख रॉजर ब्रॉगी यांची. डिस्ने त्यांच्याकडे उमेदवार म्हणून उभे राहिले. हजारो माणसांना पगार देणारा मालक संध्याकाळी लेथवर येई, पत्रा कापायला शिके, चुकले की भाग फेकून पुन्हा करी. गाडीला मालडबे, गुरांचे डबे, उघड्या वाघिणी, एक सपाट वाघीण आणि शेवटी लाकडी गार्डचा डबा जोडायचा होता. गार्डचा डबा त्यांनी स्वतःच्या हाताने केला. अमेरिकेत मालगाडीचे कर्मचारी त्या डब्यात राहत, झोपत, स्वयंपाक करत. म्हणून त्यात आत झोपायच्या फळ्या, कपड्यांची कपाटे, हात धुण्याची जागा आणि एक पोटाळ लोखंडी शेगडी, सगळे एक-अष्टमांश आकारात. बाहेरून पाहणाऱ्याला यातले फारसे दिसणारही नव्हते. त्या बित्तीएवढ्या शेगडीवर ते इतके खूश झाले, की तसल्या शंभरेक शेगड्या ओतवून घेतल्या, एकेक वेगवेगळी रंगवली, काही मित्रांना वाटल्या आणि काही जुन्या वस्तूंच्या दुकानात विकायला ठेवल्या.

रात्री झोप न येणाऱ्या, मानदुखीने हैराण, कर्जाने गांजलेल्या माणसाला याने काय होते? बारीक हातकामात नजर, बोटे आणि मेंदू एकाच ठिकाणी गुंतून राहतात. चिंता म्हणजे त्याच त्या विचारांचे गोल गोल फिरणे. दोन मिलिमीटरच्या बिजागरीला छिद्र पाडताना ते फिरणे थांबते, कारण लक्षाला दुसरीकडे जायला जागा उरत नाही. शिवाय काम संपल्यावर हातात एक वस्तू उरते. चित्रपटाचे यश हजार गोष्टींवर अवलंबून असते, पण शेगडीचे दार नीट लागते की नाही ते लगेच कळते. वैद्यकात हे फार जुने आहे. मनोरुग्णालयांत सुतारकाम, विणकाम देण्याची पद्धत होती, पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी ती वाढली आणि तिचेच व्यवसायोपचार हे शास्त्र झाले. आपल्या देशात त्याचे शिक्षण देणारी पहिली संस्था कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये सुरू केली. नेमक्या त्याच वर्षी, ७ मे १९५० ला, डिस्नेंच्या परसात लिली बेल पहिल्यांदा पूर्ण मार्गावर धावली.

मान मात्र या उद्योगाने बरी झाली नाही. लेथवर तास-दोन तास वाकून उभे राहणे संधिवात झालेल्या मानेला चांगले नाहीच. असा छंद असणाऱ्यांनी काम डोळ्यांच्या उंचीजवळ आणावे आणि अर्ध्या तासाला उठावे, एवढे सांगता येईल. ते कुणी पाळत नाही, हेही खरे.

१९५० मध्ये आणखी एक गोष्ट घडली. मे महिन्यातच अमेरिकेत वाइंडर आणि ग्रॅहम यांनी, आणि सप्टेंबरात इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी, फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या शेकडो रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या रुग्णांत सिगारेट न ओढणारे अगदी थोडे होते. डिस्ने तेव्हा तीसेक वर्षे सिगारेट ओढत होते, एकीवर दुसरी. त्यांचा खोकला स्टुडिओत प्रसिद्ध होता. बोळातून खोकल्याचा आवाज आला की साहेब येत आहेत हे ओळखून चित्रकार खुर्चीत सरळ होत. त्या खोकल्याचा गंमतीखेरीज दुसरा उपयोग कुणी केला नाही. दोन आठवड्यांवर टिकणारा किंवा रोजच्यापेक्षा बदललेला खोकला तपासून घ्यावा, हे आज गावोगावच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेले असते. ते क्षयासाठी लिहिलेले असते, पण ओढणाऱ्याच्या कर्करोगालाही तेच लागू आहे. जुनाट ओढणारा मात्र आपल्या खोकल्याला सोबती समजतो.

परसातली रेल्वे तीनच वर्षे चालली. रविवारी पाहुणे येत, मुले वाघिणींवर बसत, टोपी घातलेले डिस्ने ड्रायव्हर असत. १९५३ मध्ये एका पाहुण्याने वळणावर वेग जास्त ठेवला. इंजिन रुळांवरून घसरले, त्याची शिट्टी मोडली आणि त्या जागेतून वाफेचा झोत सुटला. काय झाले ते पाहायला धावलेली पाच वर्षांची एक मुलगी त्यात सापडली आणि भाजली. इजा गंभीर नव्हती. वाफेचे भाजणे उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असते, कारण कातडीवर वाफेचे पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता आणखी बाहेर पडते. अशा वेळी भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचा. शाई, टूथपेस्ट, हळद काही लावायचे नाही. डिस्नेंनी गाडी तात्काळ बंद केली आणि आवरून ठेवली. दुसऱ्याच्या पोराला लागले, एवढे कारण त्यांना पुरले.

पण तोवर डोक्यात मोठी गाडी सुरू झाली होती. शिकागोहून परतल्याबरोबर, ऑगस्ट १९४८ मध्येच, त्यांनी एका बागेचा आराखडा टिपून ठेवला होता आणि त्यात रेल्वे होती. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडले तेव्हा बागेला वळसा घालणारी वाफेची गाडी पहिल्या दिवसापासून धावत होती. तिचा गेज तीन फूट, आपल्या मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतलेपेक्षा सहा इंच जास्त. हेझल जॉर्जने रुग्णाला विरंगुळा म्हणून सुचवलेल्या सहलीतून हे एवढे निघाले.

छंदाने मन सावरले, म्हणून शरीरही सावरले असेल असे वाटते. तिथे घोटाळा होतो. आनंदी माणसाच्या फुप्फुसातही सिगारेटचा धूर तेच करतो. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी धूम्रपानाने कर्करोग होतो हे सरकारी अहवालात जाहीर केले. थोरली मुलगी डायेन हिने वडिलांना निदान फिल्टरच्या सिगारेटी ओढा म्हणून त्यांची खोकी भेट दिली. वडिलांनी शब्द पाळला, सिगारेटी त्याच ओढल्या, फक्त फिल्टर मोडून टाकून. तसेही फिल्टरने धोका टळत नाही. सिगारेट, विडी, फिल्टर, बिनफिल्टर यांत सुरक्षित असे काही नसते, आणि गावाकडे तंबाखू ओढण्याऐवजी खाल्ली जाते तेव्हा ती फुप्फुसाऐवजी तोंडाकडे वळते इतकेच.

१९६६ च्या शरद ऋतूत मान फारच दुखू लागली. मानेची शस्त्रक्रिया करायचे ठरले आणि त्याआधीच्या तपासणीत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, छातीच्या एक्स-रेत डाव्या फुप्फुसावर डाग दिसला. म्हणजे ज्या दुखण्याची रोज दखल घेतली गेली, त्यानेच ज्याची दखल कधी घेतली नाही ते उघडे पाडले. बरबँकच्या सेंट जोसेफ रुग्णालयात, स्टुडिओच्या समोरच, ७ नोव्हेंबरला फुप्फुस काढले. आजार लसिकाग्रंथींत पोचला होता. दोन आठवड्यांनी ते घरी आले, स्टुडिओत चक्कर मारून आले, पण महिनाअखेर पुन्हा दाखल व्हावे लागले. पासष्टावा वाढदिवस रुग्णालयात गेला. १४ डिसेंबरच्या संध्याकाळी रॉय भेटायला आले. पाठीवर पडून डिस्नेंनी छताच्या चौकोनी फरश्यांवर बोटाने फ्लोरिडातल्या नियोजित शहराचा नकाशा आखून दाखवला, रस्ता कुठून जाईल, कुठून गाडी धावेल. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास ते गेले.

लिली बेल आता सॅन फ्रान्सिस्कोतल्या डिस्ने कुटुंबाच्या संग्रहालयात आहे. परसातले ते लाकडी कोठार, जिथून रुळांचे सांधे बदलले जात आणि जिथे ते एकटेच काहीबाही करत बसत, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये हलवले आहे. महिन्यातल्या एका रविवारी ते उघडतात. वाफेची छोटी इंजिने घरी करणारी हौशी मंडळी त्याच्या शेजारीच आपल्या गाड्या चालवतात.